गॅस भरण्याआधी

महाड,
अक्षय्य तृतीया

चि. बाळ यास मामाचे अनेक आशीर्वाद.

परवा तुझा फोन आला तेव्हा मी गाडीखाली होतो, म्हणून "मी कळवेपर्यंत काही करू नकोस" एवढंच बोललो. वॅगन-आरचा एसी गार करत नाही, गॅसचा टिन आणि घड्याळ लावलेला पाइप मागवलाय, रविवारी अंगणातच भरून टाकतो, असं तू म्हणालास. थांब का म्हटलं ते सविस्तर लिहितो. कागद जवळ असला की गाडीपाशी उभं राहून पुन्हा वाचता येतो.

तू स्वतः हात घालण्याला माझी ना नाही. आयटीआयत इलेक्ट्रिशियन झालास, मीटर धरता येतो, पाना कुठे किती दाबायचा ते कळतं. गाडी जुनी असली तरी पेणला आरटीओत फेरनोंदणी करून घेतलीस, म्हणजे अजून पाच वर्षं ती चालवायची आहे. शिवाय आईला पोलादपूरहून महाडला तपासणीला आणायचं असतं. आपला हा भाग चहूबाजूंनी डोंगरांनी वेढलेला. मे महिन्यात पारा चाळिशीला टेकतो आणि हवा इतकी दमट असते की घाम वाळत नाही. तिच्या वयाला ते सोसवणार नाही. तेव्हा हे काम व्हायलाच हवं.

तू म्हणालास, मागच्या चैत्रात गॅस भरला होता, तो संपला. बाळ, एसीचा गॅस खर्च होत नाही. तोच तो गॅस फिरत असतो. कॉम्प्रेसर त्याला दाबतो, पुढच्या कंडेन्सरमध्ये तो उष्णता बाहेर टाकून द्रव होतो, ड्रायरमधून जातो, एक्स्पान्शन व्हॉल्व्हच्या बारीक भोकातून सुटला की त्याचा दाब एकदम पडतो, आणि डॅशबोर्डमागच्या कूलिंग कॉइलमध्ये उकळताना तो गाडीतल्या हवेची उष्णता ओढून घेतो. तिथून पुन्हा कॉम्प्रेसरकडे. उघड्यावर हा गॅस उणे २६ अंशांनाच उकळतो, म्हणून तर कॉइल इतकी गार पडते. हे सगळं बंद चक्र आहे. सायकलच्या ट्यूबमधली हवा कमी झाली तर आपण पंक्चर शोधतो, हवा संपली म्हणत नाही, इथेही तसंच. जुन्या रबरी होजमधून वर्षाकाठी थोडा गॅस झिरपतो, हे खरं. पाच-सात वर्षांनी कूलिंग जरा कमी वाटलं तर त्यात नवल नाही. पण एका चैत्रात भरलेला गॅस पुढच्या चैत्रापर्यंत निघून गेला असेल, तर कुठेतरी वाट आहे. ती न बुजवता नवा टिन ओतलास तर तोही त्याच वाटेनं जाईल, आणि पुढच्या वर्षी तू तिसरा मागवशील.

तेव्हा आधी बघायला शीक. बघण्याचं सगळं काम अंगणात होतं, त्याला मशीन लागत नाही.

सकाळी इंजिन गार असताना बॉनेट उघड. चावी फिरवून इंजिन चालू कर, ब्लोअर आणि एसीचं बटण दाब आणि कान दे. कॉम्प्रेसरच्या तोंडाशी क्लच 'टक्' करून चिकटला पाहिजे, आणि त्याबरोबर इंजिनाचा आवाज किंचित जड झाला पाहिजे. टक् झालंच नाही तर लगेच गॅसवर आळ घेऊ नकोस. फ्यूज बघ, रिले बघ, क्लचच्या वायरला बारा व्होल्ट येतात का ते मीटरनं बघ. हा तर तुझाच प्रांत. गॅस फार कमी असला की प्रेशर स्विच कॉम्प्रेसरला चालूच होऊ देत नाही, आणि तो मुद्दाम तसा केलेला आहे. काही कारागीर तिथे वायरचा तुकडा लावून स्विच टाळतात. तू ते कधीही करायचं नाहीस. कॉम्प्रेसरचं तेल गॅसबरोबर फिरतं. गॅस नाही तर तेल नाही, आणि कोरडा फिरलेला कॉम्प्रेसर जाम होतो. मग त्याचा चुरा सगळ्या पाइपांत पसरतो आणि काम कित्येक पटींनी वाढतं.

क्लच चिकटतोय असं दिसलं तर पुढचा पंखा बघ. एसी लावल्यावर तो फिरायलाच हवा. न फिरणारा पंखा आणि चिखलानं भरलेला कंडेन्सर, या दोनच कारणांनी आपल्याकडच्या निम्म्या गाड्या 'गॅस भरायला' येतात. महामार्गाच्या चौपदरीकरणाची धूळ इतकी वर्षं आपण सगळ्यांनी खाल्ली, गाड्यांनीही खाल्ली. कंडेन्सरच्या जाळीत ती बसते, पावसाळ्यात तिचा लेप होतो आणि उन्हाळ्यात तो भाजल्यासारखा घट्ट होतो. नळाच्या साध्या पाइपानं, जमेल तिथे आतून बाहेरच्या दिशेनं, सावकाश धू. सर्व्हिस सेंटरचा जोराचा फवारा जवळून मारलास तर पत्र्याचे बारीक पापुद्रे आडवे पडतात आणि हवा जायची ती बंद होते. धुतल्यावर एक फेरी मारून ये. कित्येकदा कूलिंग एवढ्यावरच परत येतं.

आंबेनळी घाटाचंही सांगून ठेवतो. पोलादपूर सोडून महाबळेश्वरच्या चढाला लागलं की गार हवा कमी येते, अशी तक्रार मी नेहमी ऐकतो. पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये इंजिन तापलेलं, गाडीचा वेग नावाला, कंडेन्सरला समोरून वारा नाही. पंखा जेवढी हवा ओढेल तेवढ्यावरच सगळं. घाटात कमी आणि महामार्गावर व्यवस्थित, असं असेल तर बहुधा गॅस पुरेसा आहे. पंख्याकडे आणि कंडेन्सरकडे लक्ष दे.

आत येऊन आणखी दोन गोष्टी बघ. थंड-गरम करायची कळ पूर्ण थंडवर नेल्यावर तिची केबल खरंच टोकापर्यंत जाते का? जुन्या गाड्यांत ती ढिली होते आणि हीटरची गरम हवा गार हवेत मिसळत राहते. आणि बाहेरची हवा घेणारी कळ बंद ठेव. दुपारी महाडच्या बाजारात बाहेरची हवा आत घेऊन ती गार करत बसणं या छोट्या एसीला झेपत नाही. तुझ्या गाडीच्या काळातल्या बऱ्याच छोट्या गाड्यांना केबिन फिल्टर नसे, त्यामुळे धूळ थेट कूलिंग कॉइलवर बसते. ब्लोअर पूर्ण वेगात असूनही झोत मंद वाटत असेल आणि कुबट वास येत असेल, तर कॉइल चोंदली आहे. एसी चालू असताना गाडीखाली पाणी ठिबकणं हे चांगलं लक्षण. आपल्या दमट हवेत ते भरपूर ठिबकायला हवं. ते बाहेर न येता शेजारच्या सीटपुढचं पायपुसणं ओलं होत असेल तर ड्रेनची नळी तुंबली आहे.

इथे मला तुझ्या गाडीबद्दल एक शंका आहे. गाडी तू महाडातून घेतलीस. २०२१ च्या जुलैमध्ये, २२ तारखेच्या आसपास, सावित्री आणि गांधारी नद्या गावात शिरल्या तेव्हा तळमजले बुडाले आणि उभ्या गाड्या गाळात गेल्या. त्याच सुमारास तळिये गावावर दरड कोसळली, म्हणून गाड्यांचं दुःख करायला कुणाला सुचलंही नाही. नंतर त्यांतल्या पुष्कळ गाड्या धुऊन-पुसून विकल्या गेल्या. विकणाऱ्यानं तुला सांगितलं असेल किंवा नसेल, गाडी मात्र सांगते. पुढची सीट सरकव, तिच्याखालच्या पट्टीच्या खाचेत बोट फिरव. तिथे पिवळसर, पिठासारखी मऊ माती लागली तर ती पुराची. पायपुसण्याखालचा जाड नमदा उचलून बघ, सीटबेल्टचा पट्टा शेवटपर्यंत ओढून त्यावर रेघ दिसते का बघ. पुरात बुडालेल्या गाडीच्या ब्लोअरच्या डब्यात गाळ साठतो, तो ओलसर राहतो आणि ॲल्युमिनियमची कॉइल पोखरत जाते. गॅस तिथूनच जात असेल तर वरून कितीही टिन ओत, काही उपयोग नाही. डॅशबोर्ड उतरवून कॉइलच बदलावी लागते.

आता गळती कशी दिसते ते सांगतो. गॅसबरोबर तेल फिरतं, म्हणून गॅस जिथून सुटतो तिथे थोडं तेल येतं आणि त्यावर धूळ चिकटते. सगळ्या पाइपांवरून टॉर्च फिरव. सांध्यापाशी रुपयाएवढा काळपट, तेलकट डाग दिसला आणि आजूबाजूचा पाइप कोरडा असला, तर तिथे संशय घे. मग भांडी घासायच्या लिक्विडचा दाट फेस कर आणि इंजिन बंद ठेवून ब्रशनं सांध्यावर लाव. घाई करू नकोस. मोठी गळती लगेच फुगा काढते. बारीक गळतीचा फेस दोन-तीन मिनिटांनी हळूहळू वर येतो, आधी टाचणीच्या टोकाएवढा एक बुडबुडा, मग त्याच्या बाजूला दुसरा, मग पांढरी दाट साय धरते. गॅस भरायच्या व्हॉल्व्हवरची प्लास्टिकची टोपी काढून तिथेही थेंब टाक. ती टोपी हरवलेली असते आणि आतल्या पिनेत कचरा अडकलेला असतो, हे मी फार गाड्यांत पाहिलं आहे. कॉम्प्रेसरच्या पुढच्या सीलपाशीही तेलाचा शिंतोडा बघ. ते सील तेलानं ओलं राहिलं तरच घट्ट बसतं. पोलादपूरला जूनपासून फेब्रुवारीपर्यंत एसीला कुणी हात लावत नाही, सील कोरडं पडतं आणि पहिल्या उन्हाळ्यात गळायला लागतं. पावसाळ्यातही आठवड्यातून दहा मिनिटं एसी लावत जा. घाटातल्या धुक्यात पुढची काचही त्यानं स्वच्छ राहते, म्हणजे एका कामात दोन साधतात.

इथपर्यंत सगळं तू कर. गॅस भरण्यापाशी मात्र थांब.

टिनाबरोबर आलेल्या पाइपावरचं घड्याळ एकाच बाजूचा, कमी दाबाचा आकडा दाखवतं. त्यावर हिरवा पट्टा असतो आणि काटा त्यात आला की झालं, असं लोक समजतात. पण दाब हवामानावरही ठरतो. इंजिन बंद असताना ३५ अंश तापमानाला आर-१३४ए गॅसचा दाब ११४ पीएसआयच्या आसपास असतो आणि ४० अंशांना १३३ च्या. पाइपांत थोडा तरी द्रव शिल्लक आहे तोवर हा आकडा तोच राहतो, मग आत दोनशे ग्रॅम असो की पाचशे. म्हणजे काट्यावरून गॅस किती आहे ते कळतच नाही. छोट्या गाडीत मुळात अर्ध्या किलोच्या आसपास गॅस मावतो, नेमका आकडा बॉनेटखालच्या स्टिकरवर किंवा मॅन्युअलमध्ये असतो. आधीचा किती उरलाय हे माहीत नसताना अंदाजानं ओतलास आणि शंभर ग्रॅम जास्त झाला, तरी कंडेन्सरच्या बाजूचा दाब वर चढतो, कूलिंग उलट कमी होतं आणि लोक आणखी ओततात. हे मोजायचं ते काट्यावर नव्हे, वजनावर.

दुसरं कारण आपल्या हवेचं. चक्र कुठेही उघडलं गेलं की कोकणातली ओली हवा आत शिरते. हवा आत कधी द्रव होत नाही, ती दाब नुसता वाढवत राहते. त्यातलं पाणी एक्स्पान्शन व्हॉल्व्हच्या भोकात गोठतं. पंधरा-वीस मिनिटं छान गार, मग एकदम गरम, थोडा वेळ बंद ठेवला की पुन्हा गार, असं झालं तर तो पाण्याचा दोष समज. आणि पाणी, गॅस, तेल एकत्र राहिले की हळूहळू आम्ल तयार होतं आणि धातू खातं. म्हणून गॅस भरण्याआधी व्हॅक्यूम मारायचा असतो. पंप पाऱ्याच्या २९ इंचांपर्यंत हवा ओढतो, तेव्हा पाणी २५ अंशांनाच उकळून वाफ होतं आणि बाहेर जातं. पंप बंद करून काटा अर्धा तास जागच्या जागी राहिला की गळती नाही हे कळतं. काटा परत येऊ लागला तर गॅस भरायचाच नाही. चक्र उघडलं असेल तर ड्रायरही नवा घालावा लागतो. पंप, दोन घड्याळांचं मॅनिफोल्ड, वजनकाटा, हे सगळं माझ्याकडे आहे. एका गाडीसाठी तू घ्यावंस असं नाही.

एका गोष्टीवर मी चिडतो, ते तुला माहीत आहे. गेल्या काही वर्षांत पैसे वाचवायला घरगुती सिलिंडरमधला किंवा तसलाच ज्वालाग्राही गॅस एसीत भरतात. तो गार करतो, हे खरं. पण कूलिंग कॉइल गाडीच्या आत, माणसांच्या पायांपुढे असते. ती फुटली, काचा बंद असल्या आणि कुठे ठिणगी पडली, तर दार उघडायलाही वेळ मिळणार नाही. त्या गाडीत आई बसणार आहे. नकली गॅसचाही धोका आहे. आपल्या जिल्ह्यात उरणला बंदराच्या वाटेवर शीतकंटेनर दिसतात ना, तसल्याच काही कंटेनरांच्या कॉम्प्रेसरचे २०११ साली व्हिएतनाम आणि ब्राझीलमध्ये स्फोट झाले, माणसं मेली. आर-१३४ए म्हणून भरलेल्या गॅसमध्ये मिथाइल क्लोराइड होतं आणि त्याची ॲल्युमिनियमशी क्रिया होऊन हवेत आपोआप पेटणारं रसायन तयार झालं होतं. तुझ्या टिनावर कंपनी, वजन आणि गॅसचं नाव स्पष्ट छापलेलं आहे का, ते बघ. त्यात गळती बुजवणारं द्रव्य मिसळलेलं असेल तर तो अजिबात वापरू नकोस. ते ओल लागताच घट्ट होतं, व्हॉल्व्ह चोंदवतं आणि नंतर दुरुस्तीच्या मशीनलाही खराब करतं.

आणि तू "उरलेला गॅस आधी सोडून देतो" असं म्हणालास, ते करू नकोस. द्रव अंगावर उडाला तर कातडी आणि डोळा गोठतो. गॅस हवेपेक्षा जड, खाली खड्ड्यात साठून माणूस गुदमरतो. विडीच्या विस्तवावरून गेला तर विषारी होतो.  पण त्यापलीकडेही कारण आहे. पूर्वी गाड्यांत आर-१२ असायचा, १९२८ साली शोधलेला. तो वर जाऊन ओझोन खातो हे १९७४ मध्ये मोलिना आणि रोलंड यांनी दाखवलं, १९८७ मध्ये माँट्रियलला करार झाला, १९९२ मध्ये भारत त्यात आला आणि पुढे आपल्या गाड्यांत आर-१३४ए आला. हा ओझोनला धक्का लावत नाही, पण शंभर वर्षांच्या हिशेबानं कार्बन डायऑक्साइडच्या तेराशेहून अधिक पट हवा तापवतो. हिशेब कर: तुझ्या गाडीतला अर्धा किलो सोडला तर साडेसहाशे किलोंवर कार्बन डायऑक्साइड, म्हणजे जवळजवळ पावणेतीनशे लिटर पेट्रोल जाळल्याइतकं, आणि तेही कुठे न जाता. म्हणूनच २०१६ मध्ये किगालीला या गॅसांवरही मर्यादा घालायचं ठरलं आणि २०२१ मध्ये भारतानं ते मान्य केलं. त्याच वर्षी जुलैत महाड बुडवणारा पाऊस तूही पाहिलास. त्याचा दोष कुणा एका गाडीच्या एसीला देता येणार नाही. तरी हवा तापवणारी वस्तू पाना फिरवून मोकळी सोडणं मला या धंद्यात कधी पटलं नाही, आणि तुलाही पटू नये असं वाटतं. माझ्याकडे उरलेला गॅस ओढून साठवायचं मशीन आहे, तो स्वच्छ होऊन पुन्हा वापरात येतो.

तेव्हा असं कर. वर सांगितलेलं सगळं अंगणात तपास आणि काय दिसलं ते वहीत लिही: क्लच लागतो का, पंखा फिरतो का, डाग कुठे, फेस कुठे आला, सीटखाली माती आहे का. आईची पुढची तपासणी ज्या दिवशी असेल त्याच दिवशी सकाळी लवकर निघ, तिला दवाखान्यात सोड आणि गाडी माझ्याकडे लाव. गळती सांध्यात असेल तर ओ-रिंग, ड्रायर, व्हॅक्यूम आणि वजनावर गॅस, एवढं तिची तपासणी होईपर्यंत उरकेल. व्हॅक्यूमचा काटा तूच बघायचास आणि गॅसही माझ्यासमोर तूच भरायचास. कॉइल गेली असेल तर गाडी दोन दिवस राहील, तुम्हाला एसटीनं परत जावं लागेल. आदल्या दिवशी फोन करून वहीत काय लिहिलंस ते सांग, म्हणजे लागणारे भाग मागवून ठेवतो.

तुझा
मामा